दारांतील पिकअप : घेण्याची किंमत आणि बाळगण्याची किंमत

आमच्या महाड-पोलादपूर भागांत शेतकऱ्याची पत एके काळीं त्याच्या गोठ्यांतील बैलजोडीवरून ओळखीत असत. हल्लीं ती अंगणांत उभ्या असलेल्या पिकअप गाडीवरून ओळखूं लागले आहेत. २००५ सालीं टाटा कंपनीची 'एस' नांवाची लहान मालगाडी, जिला लोक 'छोटा हत्ती' म्हणतात, बाजारांत आली. तिच्या जोडीला महिंद्र कंपनीच्या दीड-पावणेदोन टन ओझें नेणाऱ्या पिकअप गाड्याही खेडोपाडीं पोहोंचल्या. आज ज्या वाडीस पक्का रस्ता आहे, त्या वाडींत अशी एखादी गाडी नाहीं असें क्वचित् दिसतें. ही गोष्ट आनंदाची आहे. परंतु गाडी विकत घेण्यास काय पडतें याची जितकी चर्चा होते, तिच्या शतांशानेंही ती बाळगण्यास काय पडतें याची होत नाहीं. त्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

गेल्या महिन्यांत कांहीं कामानिमित्त महाडास गेलों असतां चवदार तळ्याच्या काठीं थोडा वेळ विसांवलों होतों. तेथें पोलादपूर तालुक्यांतील उमरठच्या बाजूचा एक ओळखीचा तरुण शेतकरी भेटला. विक्रेत्याकडून आणलेला दराचा कागद माझ्या हातीं देऊन तो म्हणाला, "काका, पिकअप घ्यावी म्हणतों. पदरचे दोन लाख आहेत, आठ लाख कर्ज मिळतें आहे. महिन्याचा हप्ता सतरा हजार. भाड्याचे पैसे वांचतील, आणि पांच वर्षांनीं गाडी आपलीच." मीं विचारलें, "वर्षांत ती धांवेल किती?" तो हंसून म्हणाला, "तें कोण मोजतो, काका? काम पडेल तशी धांवेल."

जें कोणी मोजीत नाहीं, त्यावरच सर्व हिशेब अवलंबून आहे. त्या दिवशीं एस. टी.ची वेळ झाल्यामुळें त्याला पुरें उत्तर देतां आलें नाहीं. तें येथें देतों. कारण हा प्रश्न त्या एकट्याचा नाहीं.

प्रथम गाडीचे गुण सांगितले पाहिजेत, नाहींतर लेख एकांगी होईल. आंबा उतरविल्यावर तो आपल्या वेळीं निघावा, दुसऱ्याच्या गाडीची वाट पाहात झाडाखालीं पडून राहूं नये, हा मोठाच लाभ आहे. खताच्या गोणी, भाताचें बी, गवताचे भारे, गिरणीवर न्यावयाचें भात, हीं सर्व ओझीं पूर्वीं डोक्यावरून वा बैलगाडींतून जात. मध्यरात्रीं वाडींतील कोणी अत्यवस्थ झालें असतां दारांत चाकें असणें म्हणजे काय, हें डोंगराच्या कुशींत राहणारासच कळतें. हे गुण आम्हीं स्वतः अनुभविले आहेत. म्हणून गाडी घेऊंच नये असें आमचें म्हणणें नाहीं. ती डोळे उघडे ठेवून घ्यावी, एवढेंच म्हणणें आहे.

आमच्या घरीं २०१३ सालीं अशी गाडी आली. हार घालून, नारळ फोडून घेतली. वीस गुंठे कमी पांच एकर जमीन, त्यांत भात, मागाहून वाल व पावटा, आणि वरकस जमिनींत आंब्याचीं कलमें, एवढा आमचा पसारा. पहिलीं दोन वर्षें हप्ते वेळेवर गेले. २०१५ सालीं अवकाळी पावसानें मोहोर काळा पडला आणि त्या सालचा आंबा हातचा गेला. हप्ता मात्र दरमहा दहा तारखेस येतच राहिला. घरांतील पाटल्या गहाण पडल्या, आणि त्याही पुरेनात तेव्हां नदीकांठची दहा गुंठे वालाची जमीन विकावी लागली. २०१८ सालीं कर्ज फिटलें तेव्हां आम्ही म्हणालों, आतां गाडी फुकट झाली. त्याच समजुतीनें वर्षाला दहा-बारा हजार वांचविण्यासाठीं पुरा विमा सोडून केवळ सक्तीचा, तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा ठेविला. २०२१ च्या २२ जुलैला सावित्री व गांधारी या नद्यांचें पाणी महाड शहरांत शिरलें, त्या वेळीं आमची गाडी दुरुस्तीसाठीं शहरांत उभी होती. ती बुडाली. इंजिन उघडून पुन्हां बांधावें लागलें, आणि विम्याकडून एक पैही मिळाली नाहीं. मिळण्याचें कारणही नव्हतें. पुढील वर्षीं ती येईल त्या किंमतीस विकली. त्या महापुरांत व त्याच दिवशींच्या तळिये येथील दरडींत ज्यांचीं माणसें गेलीं, त्यांच्यापुढें आमचें नुकसान सांगण्याजोगेंही नाहीं. परंतु गाडी गेली व जमीनही गेली, तेव्हां कोठें आम्ही हिशेबास बसलों.

वहींतील जुने आंकडे आजच्या भावांस लागू पडणार नाहींत. म्हणून त्याच रीतीनें आजच्या अंदाजी भावांवर मांडणी करून देतों. प्रत्येकानें आपले आंकडे घालून ती पुन्हां करावी. गाडी सर्व खर्चासह दहा लाखांस पडली, दहा वर्षें वापरली आणि शेवटीं अडीच लाखांस विकली, असें धरूं. कर्ज आठ लाख, व्याज शेंकडा दहा, मुदत पांच वर्षें. गाडी एक किलोमीटरही न चालतां वर्षाला पडणारा खर्च येणेंप्रमाणें :—

झीज, जिला हिशेबनीस घसारा म्हणतात (साडेसात लाख भागिले दहा) — ७५,००० रुपये
कर्जावरील व्याज (एकूण सुमारें २,२०,०००, दहा वर्षांवर वांटून) — २२,००० रुपये
पदरच्या दोन लाखांवरील बुडालेलें व्याज, शेंकडा सहा — १२,००० रुपये
पुरा विमा — ३०,००० रुपये
पासिंग, कर, धुराचा दाखला इत्यादि — ६,००० रुपये
बॅटरी, गंज, रंग, ताडपत्री — १०,००० रुपये
एकूण — १,५५,००० रुपये

यांतील विम्याचा आंकडा कोणास मोठा वाटेल. परंतु एकूण ७,५०० किलो वजनापर्यंतच्या मालगाडीच्या केवळ सक्तीच्या विम्याचा २०२२ सालीं ठरलेला दरच १६,०४९ रुपये होता. त्यावर कर आणि स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा वेगळा. पासिंग पहिल्या आठ वर्षांत दर दोन वर्षांनीं व पुढें दरसाल करावें लागतें, म्हणजे गाडी जुनी होते तसा हा खर्च व खोळंबा वाढतो.

बैल बसून खातो हें सर्वांस दिसतें, कारण त्याच्यापुढें वैरण टाकावी लागते. गाडी उभी राहून खाते हें दिसत नाहीं. वरील आंकड्यांप्रमाणें ती रोज सव्वाचारशें रुपये खाते. मग ती धांवो अथवा न धांवो. आणि बैल शेण तरी देतो.

आतां चालण्याचा खर्च पाहूं. घाटरस्त्यानें ओझें घेऊन लिटरमागें १२ किलोमीटर व डिझेल ९० रुपये धरिलें तर किलोमीटरमागें साडेसात रुपये होतात. टायरांची झीज सत्तर पैसे, आणि तेल, ब्रेक, क्लच, पाटे वगैरे दुरुस्ती एक रुपया ऐंशी पैसे. एकूण दहा रुपये. हांकणाऱ्याची मजुरी ६०० रुपये रोज व दिवसाची चाल १२० किलोमीटर धरिल्यास आणखी पांच रुपये. घरचाच मुलगा हांकतो म्हणून ही मजुरी पुष्कळ जण धरीत नाहींत. तें चूक आहे. तो त्या दिवशीं शेतांत नसतो, आणि त्याच्या जागीं मजूर लावल्यास पैसे मोजावे लागतात. म्हणून चालण्याचा खर्च किलोमीटरमागें १५ रुपये धरावा.

भाड्याची गाडी, हांकणाऱ्यासह, जातां-येतां दोन्ही अंतरें मोजून ३० रुपये किलोमीटर पडते असें समजूं. म्हणजे स्वतःची गाडी चालविल्यानें प्रत्येक किलोमीटरमागें १५ रुपये वांचतात. त्या पंधरा-पंधरा रुपयांतून वर्षाचे १,५५,००० भरून निघावयाचे तर गाडी वर्षाला सुमारें १०,३०० किलोमीटर धांवली पाहिजे. ही ती रेघ होय. रेघेच्या वर असाल तर गाडी तुम्हांस पोसते. खालीं असाल तर तुम्ही तिला पोसतां.

आमच्यासारख्या पांच एकरवाल्याचें काम किती निघतें? आंब्याच्या हंगामांत वाशीच्या बाजारास बारा खेपा, प्रत्येकी जातां-येतां सुमारें ३२० किलोमीटर धरल्यास ३,८४० होतात. महाड किंवा बिरवाडीच्या बाजारास साठ खेपा, तीस किलोमीटरप्रमाणें १,८००. किरकोळ ३६०. एकूण सहा हजार. स्वतःच्या गाडीनें याचा खर्च २,४५,००० रुपये, म्हणजे किलोमीटरमागें जवळजवळ ४१ रुपये, भाड्यानें १,८०,०००. वर्षाला ६५,००० चा फरक, दहा वर्षांत साडेसहा लाख. आणि आंबा नसलेल्या, केवळ भात व नाचणी-वरी करणाऱ्या पोलादपूरच्या डोंगराळ भागांतील शेतकऱ्याचें काम अडीच हजार किलोमीटर धरलें, तर त्यास स्वतःची गाडी किलोमीटरमागें ७७ रुपये पडते. तीस रुपयांस मिळणारी वस्तु तो सत्याहत्तरांस घेतो, आणि वर घरची गाडी असल्याचा आनंद मानतो.

वाशीच्या खेपांविषयीं आणखी एक सांगणें आहे. पांच-सहा बागायतदारांनीं पेट्या एकत्र करून एकच गाडी पाठविल्यास भाडें पेटीमागें वांटलें जातें. अर्धी भरलेली स्वतःची गाडी मुंबईस नेणें याइतका महाग मोठेपणा दुसरा नाहीं.

खर्चापेक्षांही घातक गोष्ट म्हणजे खर्चाची वेळ. आमचें उत्पन्न भात कापल्यावर, मग वाल-पावट्याच्या वेळीं, मग एप्रिल-मेमध्यें आंब्याच्या वेळीं येतें. जून ते ऑक्टोबर या पांच महिन्यांत घरांतून पैसा केवळ जातो. त्याच महिन्यांत गाडीस काम थोडें, वरंध घाटाची वाट पावसाळ्यांत बंद, आणि हप्ते पांच, म्हणजे ८५,००० रुपये. ज्या महाडांत १९२७ सालीं चवदार तळ्याच्या पाण्यासाठीं सत्याग्रह झाला, त्याच्या अग्रणी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं १९३७ सालीं मुंबईच्या विधिमंडळांत खोती नष्ट करण्याचें विधेयक मांडिलें होतें. पुढें १९४९ च्या कायद्यानें कोंकणांतील खोती गेली. जमीन कसणाराच्या हातीं मोकळी यावी म्हणून आमच्या आज्या-पणज्यांच्या पिढीनें काय सोसलें, हें येथें सांगण्याची गरज नाहीं. त्यांच्या नातवंडांनीं तीच जमीन एका गाडीपायीं पुन्हां गुंतवितांना दहादां विचार करावा. कर्ज काढणेंच असेल तर सुगीस जुळणारे सहामाही हप्ते मिळतात कीं नाहीं, हें आधीं विचारावें. आणि सहा हप्त्यांची रक्कम बाजूस काढल्याशिवाय सहीच करूं नये.

हप्ते फिटले कीं गाडी फुकट झाली, ही समजूत तर सर्वांत फसवी. झीज थांबत नाहीं. उलट सहाव्या-सातव्या वर्षांपासून क्लच, पाटे, पंप, इंजिन यांचीं मोठीं कामें निघतात. ज्यानें हप्ता संपल्यावर झिजेचे दरमहा ६,२५० रुपये बँकेंत टाकण्याची संवय ठेविली, त्याला पुढील गाडी कर्जाशिवाय येते. ज्यानें ती ठेविली नाहीं, तो दुसऱ्या गाडीसाठीं पुन्हां पहिल्या पायरीवर उभा राहतो. जुनी गाडी घेतल्यास झीज कमी पडते हें खरें. पण ती आपल्या विश्वासाच्या मिस्त्रीस दाखविल्याशिवाय व जुन्या कर्जाचा बोजा उतरला आहे कीं नाहीं हें कागदावर पाहिल्याशिवाय घेऊं नये.

खर्च वाढविणाऱ्या दोन संवयी आमच्या भागांत फार आहेत. पहिली म्हणजे अति ओझें. दीड टनाच्या गाडींत अडीच टन भात किंवा जांभ्याचा चिरा भरला कीं भाडें वांचलें असें वाटतें. परंतु तें पाट्यांतून, टायरांतून व ब्रेकांतून दामदुपटीनें वसूल होतें. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनें अति ओझ्याचा दंड २०,००० रुपये व प्रत्येक जादा टनामागें २,००० असा झाला आहे. आंबेनळी घाटांत २८ जुलै २०१८ रोजीं दापोलीच्या कृषि विद्यापीठांतील कर्मचाऱ्यांची बस दरींत कोसळली, त्याची आठवण अजून ओली आहे. तो घाट चूक पोटांत घालीत नाहीं. मग लादलेल्या गाडीनें तेथें जाणें म्हणजे काय, हें सांगावयास नको.

दुसरी संवय म्हणजे मालाच्या हौद्यांत वऱ्हाड, भजनी मंडळी किंवा मजूर बसविणें. ही शेजारधर्माची गोष्ट वाटते व नाहीं म्हणणें जड जातें. परंतु मालगाडींत फुकट बसलेल्या उतारूंची जबाबदारी विमा कंपनीवर नाहीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २००२ सालीं दिलेला आहे. मालाबरोबर जाणारा मालाचा धनी किंवा त्याचा माणूस एवढ्यांसच विम्याचें छत्र आहे. दुर्दैवानें अपघात झाला तर शेजाऱ्याचें माणूसही जातें आणि भरपाईपायीं आपलें घरही जातें. रात्रीं-अपरात्रीं आजाऱ्यास नेण्याचा प्रसंग वेगळा. लग्नाचें वऱ्हाड वेगळें.

यावर कोणी म्हणेल, "तुमचा हिशेब बरोबर असेल, पण गाडी घेतली म्हणून माझा मुलगा मुंबईस न जातां घरीं राहिला, त्याची किंमत काय करतां?" हा आक्षेप आम्ही खरा मानतों. कोंकणांतल्या घरास हातीं राहिलेल्या मुलाचें मोल कळतें. परंतु मग ती शेतीची गाडी राहिली नाहीं. तो वाहतुकीचा धंदा झाला, आणि धंद्यासारखाच तो केला पाहिजे. त्याची वही वेगळी असावी, मुलाची मजुरी त्यांत मांडावी, आणि वर्षाला दहा हजारांच्या रेघेच्या पुष्कळ वर चाल मिळेल इतकें दुसऱ्याचें काम, महाडच्या औद्योगिक वसाहतींतून म्हणा कीं बाजारपेठेंतून म्हणा, आधीं पाहून ठेवावें. काम पाहून गाडी घ्यावी; गाडी घेऊन काम पाहूं नये. एकाच वाडींत तीन पिकअप झाल्या कीं तिन्ही रेघेखालीं जातात, हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे.

यावर उपाय आमच्या मतें एकच, आणि तो या मासिकाच्या वाचकांस नवा नाहीं. चार घरांनीं मिळून एक गाडी घ्यावी. प्रत्येकाचें साडेतीन हजार किलोमीटर काम धरल्यास चाल १४,००० होते. खर्च ३,६५,०००, म्हणजे किलोमीटरमागें २६ रुपये. चौघांनींही भाड्याचाच ३० रुपये दर दिला, तर वर्षाअखेर ५५,००० शिल्लक राहतात, झिजेची रक्कम बाजूस पडते, आणि हांकणाऱ्याचे ७०,००० वाडींतल्याच एका तरुणाच्या घरीं जातात.

सामाईक गाडीवर भांडणें होतात, हें आम्हांस माहीत आहे. सामाईक बैल उपाशी मरतो असें म्हणणारे वाडीवाडीस आहेत. परंतु भांडणें बहुधा नियम नसल्यानें होतात. गाडी कोणा एकाच्या नांवावर न घेतां सोसायटीच्या किंवा शेतकरी उत्पादक कंपनीच्या नांवावर घ्यावी. प्रत्येक खेपेचें अंतर वहींत लिहावें, आणि पैसे खेपेच्याच दिवशीं भरावे. आंब्याच्या ऐन भरांत सर्वांसच गाडी हवी असते. तेव्हां पाळी चिठ्ठ्या टाकून आधींच ठरवावी, आणि उरलेल्या गरजेस त्या पंधरवड्यापुरती भाड्याची गाडी करावी. पुरा विमा कधींही सोडूं नये. पुराच्या भागांत पाण्यानें इंजिन बिघडल्यास त्याचें स्वतंत्र संरक्षण त्यांत घेतलें आहे कीं नाहीं हें पाहावें, आणि पावसाळ्यांत गाडी रात्रीं उंचवट्यावरच उभी करावी.

त्या तरुणास मीं शेवटीं एवढेंच सांगितलें, कीं बाबा, एक वर्ष थांब. या वर्षांत जितक्या खेपा पडतील तितक्या भाड्याच्या गाडीनें कर, आणि प्रत्येक खेप वहींत लिही. वर्षाअखेर बेरीज दहा हजारांवर गेली तर खुशाल हार घाल. खालीं राहिली तर वाडींतले आणखी तिघे गांठ. त्या वर्षभराच्या थांबण्यानें गाडी कोठें पळून जात नाहीं. माझी दहा गुंठे मात्र गेली ती परत आली नाहीं. त्या जमिनींत आज दुसऱ्याचा वाल फुलतो, आणि बाजारास जातांना तो मला रस्त्यावरून दिसतो.

ज्या वाचकांनीं सामाईक गाडी चालविली असेल, मग ती टिकली असो वा मोडली असो, त्यांनीं आपले आंकडे या मासिकाकडे अवश्य पाठवावे. मोडलेल्या प्रयत्नाचा हिशेबही पुढच्यास उपयोगीं पडतो.